फाळके यांचा कारखाना, किर्लोस्करांची वाडी



नाशिकच्या उद्योगांची गोष्ट निघाली की सांगणारा साधारणपणे १९६० नंतरच्या काळापासून सुरुवात करतो. ओझरचा विमानांचा कारखाना, सातपूरची औद्योगिक वसाहत, मायको, महिंद्र, मग अंबड आणि त्यानंतर द्राक्षे. नाशिकरोडचे सरकारी छापखाने याहून जुने, पण त्यांची गणना निराळी. या यादीत एक नाव मात्र कधी येत नाही. १९१३ साली एक उद्योजक आपले बिऱ्हाड, यंत्रे आणि माणसे घेऊन मुंबईहून नाशिकला आला आणि येथे त्याने एक उत्पादन सुरू केले. त्याचा कच्चा माल विलायतेहून येत असे, कारागीर येथलेच होते आणि तयार माल देशभर जात असे. त्या उद्योजकाचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेबांची स्मृती आपण जपली नाही असे म्हणता येणार नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, १९६९ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. परंतु कलेचे जनक म्हणून आपण त्यांची पूजा बांधली आणि एक कारखानदार म्हणून त्यांच्याकडून काही शिकायचे राहून गेले. वास्तविक आजच्या विषयाला, म्हणजे नेतृत्व आणि कामाच्या जागेचे संस्कार यांचा धंद्याच्या यशाशी काय संबंध असतो या प्रश्नाला, त्यांच्याइतके बोलके उदाहरण नाशिकच्या मातीत दुसरे सापडणे कठीण. ते यशाचेही उदाहरण आहे आणि अपयशाचेही.

त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेला हा शास्त्र्यांचा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकला. छायाचित्रण, छपाईचे ठसे, जादूचे प्रयोग, जे हाती आले ते त्याने आत्मसात केले. पुरातत्त्व खात्यातील नोकरी स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली आणि छपाईचा व्यवसाय काढला. रंगीत छपाईचे तंत्र व यंत्रे पाहण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीचा प्रवास केला. धंदा चांगला चालला असताना भागीदारांशी बिनसले आणि फाळके अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडले. ही गोष्ट येथे मुद्दाम सांगितली. पुढे तिची पुनरावृत्ती व्हायची आहे.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातील एका तंबूत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून राम-कृष्ण पडद्यावर आणण्याचे वेड त्यांना कसे लागले, ती कथा सर्वश्रुत आहे. विम्याची पॉलिसी तारण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे एका चित्रपट-साप्ताहिकाच्या संपादकाला गाठले, त्याच्या ओळखीने हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेऱ्याची व्यवस्था केली आणि १ एप्रिल रोजी परतले. परतल्यावर सावकाराला दाखवण्यासाठी त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचा कोंब कसा वाढतो याचा छोटा चित्रपट केला. भांडवल मागण्यासाठी गेलेला मनुष्य हातात कागदी योजना न घेता चालता नमुना घेऊन गेला. ज्यांना बँकेच्या पायऱ्या झिजवण्याचा अनुभव आहे त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

येथवर एकट्याचा पराक्रम झाला. कारखाना यानंतर सुरू होतो.

‘राजा हरिश्चंद्र’साठी माणसे मिळवताना काय यातायात पडली, ती पाहण्याजोगी आहे. नाटकात काम करणे त्या काळी प्रतिष्ठित समाजाला रुचत नसे, मग चित्रपट तर दूरच. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. कलावंतिणींच्या वस्तीतूनही नकार आला. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत अण्णा साळुंके नावाचा स्वयंपाकी दादासाहेबांच्या दृष्टीस पडला. नाजूक बांधा, लांबसडक बोटे. दहा रुपये पगारावर होता, त्याला पंधरा देऊन आणले आणि भारतीय चित्रपटाची पहिली नायिका उभी राहिली. बाकीच्या पुरुष नट्यांचा निराळाच हट्ट. वडील हयात असताना मिशा काढायच्या कशा? त्यांचीही समजूत घालावी लागली. फाळके यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवले होते की कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे असे सांगा. कारखान्यात काम करणे लाजेचे नव्हते! आज ही गोष्ट हसत सांगितली जाते, पण तिच्यात मोठी समज आहे. ज्या कामाला समाजात नाव नाही त्या कामाला नाव द्यावे लागते, तेव्हा कुठे माणूस घरी जाऊन ताठ मानेने बोलू शकतो. कामगाराची प्रतिष्ठा हा पगाराइतकाच खर्चाचा विषय आहे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

या कारखान्याची व्यवस्था पाहणारी व्यक्ती म्हणजे सरस्वतीबाई फाळके. त्यांच्याविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण उद्योगांच्या इतिहासात अशा स्त्रियांना बहुधा एका वाक्यात उरकले जाते. नवऱ्याने नोकरी सोडली, दृष्टी अधू झाली, घरातील भांडीकुंडी विकली गेली. अशा स्थितीत या बाईंनी दागिने दिले ही झाली त्यागाची बाजू, आणि ती आपण भरभरून सांगतो. परंतु त्यांनी केलेले काम याहून फार मोठे होते. विलायतेहून येणाऱ्या फिल्मच्या पट्टीला कडेची भोके पाडलेली नसत. रात्री अंधारात बसून यंत्राने ती भोके पाडायची हे त्यांचे काम. फिल्म कॅमेऱ्यात भरणे, रसायने मिसळणे, चित्रित झालेली फिल्म धुणे हे त्या शिकल्या. भर उन्हात चित्रण चालू असताना प्रकाश परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या तासन्‌तास उभ्या राहत. आणि या सगळ्याच्या आधी व नंतर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. तारामतीची भूमिका आपणच करावी, अशीही सूचना त्यांच्यापुढे आली होती. तेव्हा त्यांनी विचारले की मग बाकीची कामे कोण करील? आजच्या भाषेत सांगायचे तर उत्पादन, गुणवत्ता आणि कर्मचारी कल्याण हे तिन्ही विभाग एकाच बाईंकडे होते आणि पगारपत्रकात त्यांचे नाव नव्हते.

दादरच्या मुख्य रस्त्यावरील बंगल्यात सहा महिने सत्तावीस दिवस खपून सुमारे ३७०० फूट लांबीचा चित्रपट पुरा झाला आणि ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्याच वर्षी हा सारा संसार नाशिकला आला. गोदाकाठ, घाट, मंदिरे, जुने वाडे, जवळच डोंगर आणि रान. पौराणिक कथेला लागणारी पार्श्वभूमी येथे फुकट होती, ऊनही मुबलक होते. ‘मोहिनी भस्मासुर’ येथेच झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकींनी काम केले आणि स्त्रिया चित्रपटात येत नाहीत हा प्रश्न निदान एकदा तरी सुटला.

नाटक मंडळींच्या रिवाजाप्रमाणे येथील मंडळीही एकत्र राहत, एका पंगतीला जेवत. मालकाची मुले त्यांच्यातच वावरत. हरिश्चंद्राचा रोहिदास झाला तो दादासाहेबांचा थोरला भालचंद्र. ‘कालियामर्दन’मधील बाळकृष्ण झाली ती कन्या मंदाकिनी. जो मनुष्य रोहिदासाला आगीत किंवा मंदाकिनीला डोहात उतरवताना धीर देत होता, तो तिला घरीही खेळवत होता. अशा ठिकाणी कामाचे घड्याळ लावता येत नाही आणि लावण्याची गरजही पडत नाही. १९१४ मध्ये दादासाहेब पुन्हा लंडनला गेले, चित्रपट दाखवले, तेथील वृत्तपत्रांनी वाखाणले, तेथेच राहून चित्रपट काढण्याचे निमंत्रण मिळाले. ते त्यांनी नाकारले. नाशिकला कारखाना होता आणि कारखान्यात माणसे होती. परतताच महायुद्धाने गाठले. कच्ची फिल्म दुर्मिळ झाली, सावकारांनी हात आखडता घेतला. संस्थानिकांकडून कर्जे उचलून दिवस काढावे लागले. तरी १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला तेव्हा त्यात पुन्हा तेच अण्णा साळुंके आहेत, या वेळी राम आणि सीता या दोन्ही भूमिकांत. वाईट काळात टिकलेली माणसे ही कोणत्याही ताळेबंदात न दिसणारी मत्ता असते. ‘लंकादहन’ने मुंबईत इतकी कमाई केली की नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून न्याव्या लागल्या, असे सांगतात.

आता या कथेला दुसरी एक कथा जोडून पाहू. ती नाशिकची नाही.

फाळके ज्या सुमारास जे. जे. कलाशाळेत शिकत होते, त्याच सुमारास बेळगाव भागातून आलेला एक मुलगा तेथे चित्रकला शिकत होता. त्याचा जन्म १८६९ चा, म्हणजे फाळके यांच्यापेक्षा एका वर्षाने मोठा. चित्रकार होण्याची त्याची इच्छा मोडली ती रंगांधळेपणामुळे. रंग ओळखू येत नाहीत म्हणून तो यांत्रिक रेखाटनाकडे वळला, व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक झाला, तेथे बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला परतला. हे लक्ष्मणराव किर्लोस्कर. भाऊ रामूअण्णांच्या सोबतीने सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. बेळगाव नगरपालिकेने जागा घेतल्यामुळे कारखाना उठवावा लागला, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची स्थापना झाली.

साम्य लक्षात घ्या. दोघे एकाच पिढीचे, एकाच कलाशाळेचे विद्यार्थी. दोघांनीही नोकरीवर लाथ मारली, स्वदेशी माल तयार करण्याची जिद्द धरली, कारखान्याचेच घर केले आणि संस्थानिकांचा आधार घेतला. महायुद्धाने फाळके यांची फिल्म अडवली, तशी किर्लोस्करांचे लोखंड आणि कोळसा अडवला. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा दिल्या आणि त्यांच्या लोखंडाचे नांगर झाले. मग एकाचा वृक्ष का झाला आणि दुसऱ्याचा अंकुर का करपला?

नशीब, मालाचे स्वरूप, बाजार, ही कारणे आहेतच. नांगर दर हंगामाला लागतो, चित्रपटाची आवड बदलते. एवढ्याने मात्र प्रश्नाचे पुरते उत्तर मिळत नाही. किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांभोवती कोण होते ते पाहिले म्हणजे अधिक उलगडा होतो. गावाची उभारणी आणि माणसांची व्यवस्था रामूअण्णांकडे. कारखान्याचा कारभार शंभूराव जांभेकरांकडे. हिशेब आणि पत्रव्यवहार मंगेशराव रेग्यांकडे. अनंतराव फळणीकर हा शाळेत मन न रमलेला तरुण, तो तेथे अभियंता म्हणून घडला. लक्ष्मणरावांचे मोठेपण असे की ज्या कामात दुसरा आपल्यापेक्षा अधिक जाणतो, त्या कामात ते हात घालीत नसत. हिशेबनिसाने पैसा नाही म्हटले तर तो अपमान समजला जात नसे. रेगे आणि फळणीकर एकाच वाडीत राहत, एकाच रस्त्याने कामावर जात. पैसा जपणारा आणि वस्तू घडवणारा यांच्यात भांडण होणारच, कुठल्या कारखान्यात होत नाही? पण ते भांडण संध्याकाळी वाडीच्या कट्ट्यावर मिटत असे, वकिलाच्या कचेरीत जात नसे.

वाडीच्या इतर गोष्टीही त्याच वळणाच्या. अस्पृश्यता तेथे चालू दिली गेली नाही, आणि हे १९१० च्या दशकातील महाराष्ट्रात, जेव्हा भल्या भल्या सुधारकांच्या घरची पंगत वेगळी बसत होती. शिक्षा भोगलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले, तेव्हा लोकांनी वेड्यात काढले. त्या पहारेकऱ्यांनी विश्वास राखला. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून जन्मलेले ते पत्र पुढे महाराष्ट्राचे घरोघरचे मासिक झाले. त्याच वर्षी घरगुती धंद्याची किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही रीतसर कंपनी झाली. बाहेरचे भांडवल आत आले ते अशा घरात, जेथे कोणी काय करायचे हे दहा वर्षांत पक्के झालेले होते.

इकडे नाशिकला बाहेरचे भांडवल दोन वर्षे आधी, १९१८ मध्ये आले. लोकमान्यांच्या पुढाकाराने मोठ्या भांडवलाची कंपनी काढण्याच्या वाटाघाटी त्यापूर्वी झाल्या होत्या, त्या तडीस गेल्या नाहीत. मग मुंबईच्या कापडबाजारातील धनिक पुढे आले. वामन श्रीधर आपटे व्यवस्थापक भागीदार, मायाशंकर भट्ट आणि इतर भांडवलदार भागीदार, फाळके कार्यकारी भागीदार, अशी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ हे दोन्ही चित्रपट गाजले. पैसा आला. आणि वर्ष-दीड वर्षातच वाद विकोपाला गेला.

वादाचे मूळ खर्चात आणि वेळेत होते. फाळके यांचे चरित्र लिहिणारे बहुतेक लेखक येथे भांडवलदारांना खलनायक ठरवून मोकळे होतात. तसे करणे सोपे आहे, न्याय्य नाही. आपटे यांच्या बाजूने क्षणभर विचार करावा. एक दृश्य मनाजोगते उतरले नाही म्हणून ते पुन्हा चित्रित करायचे, तोवर सगळ्या मंडळींचे पगार चालू, आयात फिल्म खर्ची पडते, थिएटरवाल्याला दिलेली तारीख टळते, भागीदार व्याजाचा हिशेब विचारतात. या मनुष्याने काय करावे? आणि दादासाहेबांच्या बाजूनेही विचार करावा. ज्याने डोळे पणाला लावून ही विद्या आणली, ज्याच्या बायकोने अंधारात फिल्मला भोके पाडली, त्याला आता कुठले दृश्य किती फुटांत बसवायचे हे कापडाचे गठ्ठे मोजणारे सांगणार. दोघेही आपापल्या जागी खरे होते. त्यांच्यामध्ये एखादा रामूअण्णा नव्हता, हीच उणीव होती.

अशी उणीव का राहिली? याचे उत्तर फाळके यांच्या नेतृत्वाच्या गुणांतच दडलेले आहे. कॅमेरा त्यांचा, कथा त्यांची, रंगभूषा त्यांची, पडदे त्यांचे, जाहिरातही त्यांचीच. कॅमेऱ्यासाठी त्र्यंबक तेलंग या मित्राला त्यांनी स्वतः तयार केले, नट घडवले, पण निर्णय करणारा दुसरा मनुष्य घडवला नाही. घर जोवर लहान होते तोवर सरस्वतीबाई तो दुवा होत्या. कंपनी झाली, भागीदारीचा करार झाला, त्या करारात सरस्वतीबाईंची जागा कुठे होती? घराची रीत कागदावर उतरली नाही आणि कागदाची रीत घराला कळली नाही.

१९२० च्या सुमारास, किर्लोस्करांचा धंदा लिमिटेड होत होता त्याच वेळी, दादासाहेब नफ्यातील वाट्यावर पाणी सोडून कुटुंबासह काशीला निघून गेले. तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहीत बसले. ‘संदेश’कार अच्युतराव कोल्हटकरांनी त्यांना परत येण्याची गळ घातली, तेव्हा चित्रपटसृष्टीपुरता आपण मेलो आहोत अशा अर्थाचे उत्तर त्यांनी धाडले. कोल्हटकर पक्के पत्रकार! त्यांनी फाळके वारल्याचा मथळा देऊन तेच पत्र छापले आणि वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. इकडे नाशिकला कंपनी बंद पडली नव्हती. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये विश्वामित्र झालेले साने आता दिग्दर्शक म्हणून ‘रामजन्म’ करीत होते. फाळके यांनी घडवलेली माणसे काम चालवू शकत होती, हे यावरून दिसते. ते त्यांना आधी का चालवू दिले गेले नाही, हा प्रश्न मागे उरतो.

१९२२ मध्ये आपटे यांच्या विनंतीवरून दादासाहेब परतले, पण भागीदार म्हणून नव्हे, महिना हजार रुपये पगारावर. आपणच उभारलेल्या घरात ते नोकर म्हणून आले. पगार त्या काळाच्या मानाने भरघोस होता, चित्रपटही पुष्कळ निघाले, परंतु ‘लंकादहन’चे तेज पुन्हा आले नाही. काही वर्षांनी ते पुन्हा वेगळे झाले आणि ‘सेतुबंधन’ काढायला घेतला. तो पुरा होईतो चित्रपट बोलू लागला होता, त्यामुळे मूकपटाला मागाहून आवाज जोडावा लागला. हिंदुस्थान कंपनी त्याच काळात गुंडाळली गेली. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट, तोही कोल्हापूरच्या एका संस्थेसाठी केलेला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले तेव्हा ज्या धंद्याला त्यांनी जन्म दिला त्या धंद्याला त्यांची फारशी आठवण उरली नव्हती.

हे एकट्या फाळके यांच्या बाबतीत घडले असे मात्र नाही. १९२९ मध्ये कोल्हापुरात पाच जणांनी ‘प्रभात’ काढली. दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी आणि शांताराम. कामांची वाटणी चोख, शिस्त कडक, पुण्याला १९३३ मध्ये गेल्यावर तर आशियातील नामांकित स्टुडिओंत गणना. ‘संत तुकाराम’ने व्हेनिसपर्यंत नाव नेले. तरी १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, १९४५ मध्ये दामले गेले आणि पाहता पाहता तुतारी मुकी झाली. पाच जणांच्या परस्परविश्वासावर उभी असलेली शिस्त सहाव्याच्या हाती देता आली नाही.

आता नाशिकच्याच ताज्या उदाहरणाकडे येऊ. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश आढळला. माल अडकला, नाकारला गेला, आणि जिल्ह्यातील कितीतरी बागायतदार व निर्यातदार एका हंगामात जमिनीवर आले. त्या तडाख्यानंतर विलास शिंदे या कृषी अभियंत्याच्या पुढाकाराने द्राक्ष बागायतदारांची ‘सह्याद्री’ ही उत्पादक कंपनी उभी राहिली. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे तिचे प्रचंड संकुल आहे. तेथील कार्यसंस्कृतीचा गाभा औषधाच्या फवारणीच्या नोंदीत आहे. कोणती पेटी कोणत्या प्लॉटवरून आली, तेथे काय फवारले, कधी फवारले, हे सांगता आले पाहिजे. एका सभासदाची लपवाछपवी शेकडो सभासदांचा कंटेनर बुडवू शकते, हे २०१० ने शिकवले होते. टाळेबंदीत, २०२० मध्ये, हीच मंडळी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या दारात भाजीच्या पेट्या घेऊन पोहोचली.

या गोष्टीचा १९१८ शी संबंध असा. २०२२ मध्ये ‘सह्याद्री’त युरोपीय गुंतवणूकदारांचे सुमारे ३१० कोटी रुपये आले. उत्पादक कंपनीचे भाग कायद्याने उत्पादकांनाच घेता येतात, म्हणून हे भांडवल मूळ संस्थेत न घेता प्रक्रिया-उद्योग चालवणाऱ्या उपकंपनीत घेतले गेले. म्हणजे घर शेतकऱ्यांचेच राहिले आणि पाहुण्यासाठी वेगळी खोली बांधली गेली. ही रचना किती टिकते, पिढी बदलल्यावर फवारणीची वही तितक्याच प्रामाणिकपणे लिहिली जाते की नाही, ते काळच दाखवील. पण पाहुणा येण्यापूर्वी खोलीचा विचार झाला, एवढे तरी म्हणता येते.

सातपूर-अंबडच्या अनेक शेड आज दुसऱ्या पिढीच्या हाती जात आहेत. वडिलांनी एका लेथवर सुरुवात केलेली, आईने सुरुवातीला कामगारांचे डबे केलेले आणि रात्री बिले लिहिलेली, अशी घरे या सभागृहातही असतील. मुलगा अभियंता होऊन आला आहे, बँक संगणकावरचे हिशेब मागते आहे, मोठा ग्राहक दर्जाची प्रमाणपत्रे मागतो आहे, कोणी भागीदारीचा प्रस्ताव घेऊन उभा आहे. तीस वर्षांचा जुना फोरमन कोपऱ्यात उभा राहून हे सारे पाहत आहे. त्याला अजून कोणी काही विचारलेले नाही.

जाता जाता अण्णा साळुंके यांचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. खानावळीतून पंधरा रुपयांवर आलेला हा स्वयंपाकी तारामती झाला, सीता झाला, राम झाला. आणि नाशिकच्या त्या कारखान्यात वावरता वावरता कॅमेराही शिकला. पुढील मूकपटांच्या नामावळीत तो छायालेखक म्हणून आढळतो.